मैफलीत लागलेली डुलकी आणि लक्षात राहिलेला एक अडकित्ता

गोदाकाठची यांचा प्रश्न:

नमस्कार. मी मूळची नांदेडची. नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षांपूर्वी पुण्यात आले आणि सध्या वाकडला राहते. आमच्या गावी नाटक म्हणजे दौऱ्यावर आलेल्या मंडळींचा वर्षातून एखादा प्रयोग, आणि गाणे म्हणजे गणेशोत्सवातला वाद्यवृंद. त्यामुळे पुण्यात आल्यावर मी मनाशी ठरवले होते की येथे राहायचे तर दर महिन्याला एखादे नाटक, एखादी मैफल किंवा एखादे संग्रहालय पाहिल्याशिवाय राहायचे नाही. हा नेम मी बऱ्यापैकी पाळला आहे आणि तिकिटांची अर्धुके एका डबीत जपूनही ठेवली आहेत. परवा ती डबी उघडून बसले, तेव्हा निम्म्याहून अधिक तिकिटांवरून मला काहीच आठवेना, आणि त्यामुळेच हे लिहीत आहे.

तीन प्रसंग सांगते. बालगंधर्व रंगमंदिरात एक गाजलेले विनोदी नाटक पाहिले, पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात मैत्रिणीने कथानक विचारले तर धड दोन वाक्ये सांगता आली नाहीत. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दीड तासात सगळी दालने पाहिली. त्यातला घोड्याच्या आकाराचा एक अडकित्ता तेवढा डोळ्यांसमोर आहे, बाकी सगळे पुसले गेले. तिसरा प्रसंग सांगायला संकोच वाटतो. सवाई गंधर्व महोत्सवात मुकुंदनगरला भारतीय बैठकीत बसले असताना, विलंबित ख्याल चालू असतानाच, मला चक्क झोप लागली. जाग आली ती टाळ्यांच्या आवाजाने. शेजारच्या काकू इतक्या नेमक्या जागी हात उचलून दाद देत होत्या की त्यांना ऐकू येणारे काहीतरी मला ऐकूच येत नाही, अशी माझी खात्री झाली.

माझा प्रश्न असा आहे की हे सगळे पाहण्या-ऐकण्यासाठी आधी काही अभ्यास करावा लागतो का, की मी केवळ ‘पुण्यात राहते’ हे स्वतःला पटवण्यासाठी जात आहे? आपण मंडळी जाता तेव्हा नेमके काय करता, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

विंगेतला यांचे उत्तर:

मी पस्तीस वर्षे हौशी आणि काही काळ व्यावसायिक नाटकांची प्रकाशयोजना सांभाळली. त्यामुळे प्रेक्षागृहापेक्षा विंगेतून नाटके अधिक पाहिली, आणि म्हणून माझे उत्तर थोडे तिरके वाटेल.

आपल्या भाषेत नाटक ‘होते’ ते प्रयोगाच्या रूपाने, आणि हा शब्द मी अक्षरशः घेतो. एकच नाटक मी दीडशे वेळा पाहिले आहे. त्यातले दोन प्रयोग एकसारखे नव्हते. दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला जेवून आलेला प्रेक्षक ज्या वाक्याला गप्प बसतो, त्याच वाक्याला रात्री साडेनऊचा प्रेक्षक टाळी देतो. ती टाळी एकदा आली की नट पुढच्या वाक्याआधी अर्धा क्षण थांबू लागतो, आणि तेवढ्याने सगळा प्रवेश बदलतो. तुम्ही एकदा पाहून विसरलात यात तुमचा दोष नाही, कारण पहिल्या वेळी कोणीही गोष्टच पाहतो. माझी सूचना एवढीच आहे की पाच नवी नाटके पाहण्याऐवजी त्यांतले एक तीन वेळा पाहा: एकदा पुढच्या रांगेतून, एकदा बाल्कनीतून, आणि एकदा बोलणाऱ्या नटाकडे न पाहता ऐकणाऱ्याकडे पाहत. जो बोलत नाही तो काय करतो, यावरून नट ओळखता येतो. हे मला कोणी शिकवले नाही. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर हात ठेवून पुढच्या खुणेची वाट पाहताना ते आपोआप दिसत गेले.

दुसरे असे की जागा बदलली की नाटकही बदलते. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जयंतीच्या दिवशी, सुरू झालेले जंगली महाराज रस्त्यावरचे रंगमंदिर प्रशस्त आहे. तेथे नटाला आवाज आणि हालचाल दोन्ही मोठी ठेवावी लागते. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर नटाने नुसता आवंढा गिळला तरी तिसऱ्या रांगेला कळते. आणि सदाशिव पेठेतले भरत नाट्य मंदिर तर पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पाहावे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. ‘अरे आव्वाज कुणाचा’ या आरोळीने सभागृह दणाणून जाते आणि पडदा उघडताच तीच पोरे एकदम शांत होतात. एकांकिका बऱ्याचदा कच्च्या असतात, काही तर फारच कच्च्या असतात. परंतु नाटक कसे उभे राहते हे त्या कच्चेपणातच स्पष्ट दिसते, कारण सांधे झाकण्याचे कसब त्या मुलांकडे अजून आलेले नसते.

एक विनंती मात्र करतो. तिसरी घंटा झाल्यावर मोबाइल बंद करा, नुसता मूक करू नका. अंधारात प्रेक्षागृहात उजळलेला एक पडदा विंगेतून किती स्पष्ट दिसतो, याची कल्पना खुर्चीत बसून येत नाही.

---

रविवारचा प्रेक्षक यांचे उत्तर:

वरील सूचना उत्तम आहे, पण एकच नाटक तीनदा पाहायचे म्हणजे तीन तिकिटे आणि वाकडहून तीन खेपा, हेही लक्षात घ्यावे. बालगंधर्वपाशी मेट्रोचे छत्रपती संभाजी उद्यान स्थानक झाल्यापासून वाहन लावण्याचा ताप बराच कमी झाला आहे, तथापि साडेनऊचा प्रयोग सुटतो तेव्हा परतीला तिचा उपयोग नसतो. प्रश्नकर्त्या ताईंना चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह जवळ पडेल. पुण्यात गाजणारी बहुतेक नाटके तेथेही लागतात. शिवाय काही नाटके लक्षात राहत नाहीत याचे कारण ती लक्षात राहण्याजोगी नसतात, हेही कोणीतरी सांगायला हवे. प्रेक्षकाने प्रत्येक वेळी स्वतःलाच दोष देत बसू नये.

---

एकताल यांचे उत्तर:

डुलकीबद्दल प्रथम. मी १९८० च्या दशकापासून सवाईला जात आहे आणि त्या काळी झोपलेल्या श्रोत्यांची मोजदाद करायची म्हटली असती तर एक स्वतंत्र कार्यकर्ता नेमावा लागला असता. महोत्सव तेव्हा रात्रभर चालत असे. लोक घोंगडी, उशी आणि चहाचा थर्मास घेऊन येत, मध्यरात्री आडवे होत, आणि कोणीतरी ‘उठा, मालकंस सुरू झाला’ म्हणून हलवले की पुन्हा बसते होत. पहाटे शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावत, आणि रात्रभर पेंगलेली माणसेही ती संपेपर्यंत जागची हलत नसत. तेव्हा तुम्ही परंपरेला धरूनच वागला आहात.

आता थोडे गंभीरपणे. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये हा उत्सव सुरू केला तो आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ. दोघेही किराणा घराण्याचे, आणि या घराण्याची विलंबित लय फार संथ असते. बारा मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिटापर्यंतही लांबू शकते. आपण चित्रपटगीते ऐकत वाढलो, म्हणजे दर दोन-तीन सेकंदांनी पुन्हा ‘एक’ येणार अशी कानाला सवय असते. तो ‘एक’ पाऊण मिनिट आलाच नाही की कान वाट पाहणे सोडून देतो आणि माणूस पेंगतो. त्या काकू वाट पाहणे सोडत नव्हत्या, इतकाच फरक आहे. त्यांचा हात उचलला जात होता ती सम, म्हणजे तोच ‘एक’, असावी.

यावर उपाय अगदी सोपा आहे. रागाचे नाव, घराणे, ठेका यांतले काहीही ओळखण्याची धडपड करू नका. गायक बंदिशीचा पहिला तुकडा, म्हणजे मुखडा, पुन्हा पुन्हा म्हणतो. फक्त तो तुकडा पाठ करा. आलाप करता करता गायक कोठेही गेला, तरी मुखड्याचे शब्द उच्चारू लागला की तो परत येत आहे असे समजावे, आणि त्याच्या ज्या अक्षरावर तबल्याचा जोर पडतो ती सम. पहिली चार-पाच आवर्तने चुकतील. सहाव्या वेळी तुम्हाला अंदाज येईल आणि तुमचीही मान आपोआप हलेल. मला ही युक्ती एका वयस्कर श्रोत्यांनी रमणबागेच्या मैदानावर, महोत्सव तेथे भरत असताना, माझ्या मांडीवर बोटाने मात्रा मोजून शिकवली होती. त्यांचे नाव मी विचारलेही नाही.

अभ्यासाचे म्हणाल तर एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, ती म्हणजे वेळ. आपल्याकडे राग प्रहरांना बांधलेले आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमावलीनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य शासन वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, आणि ती सहसा महोत्सवाच्या एखाद-दुसऱ्या दिवशीच मिळते. नियम योग्यच आहे. मांडवाशेजारी राहणाऱ्या आजाऱ्याला दरबारी राग ऐकण्याची सक्ती असू नये. परंतु त्याचा परिणाम असा झाला की उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी प्रत्यक्ष ऐकलेल्या श्रोत्यांची आमची बहुधा शेवटची पिढी. उलट, महोत्सव दुपारी सुरू होऊ लागल्यापासून मुलतानी, मधुवंती, पटदीप हे राग त्यांच्या वेळी ऐकायला मिळू लागले, आणि पूर्वी रात्री नऊला सुरू होणाऱ्या मैफलींत ते कोणाच्या वाट्याला येत नव्हते. म्हणून पुढच्या वर्षी संध्याकाळी सातला न जाता रजा काढून दुपारी चारला जा. मांडव अर्धा रिकामा असतो, गाणारा तरुण असतो, त्याला सिद्ध करायचे असते, आणि तुम्हीही ताज्या असता.

---

शुक्रवार पेठ यांचे उत्तर:

मी केळकर संग्रहालयापासून चालत दहा मिनिटांवर राहते आणि पाहुणे आले की त्यांना तेथे घेऊन जाण्याचे काम लग्नानंतर माझ्याकडे आले ते आजतागायत आहे. त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगू शकते: दीड तासात सगळी दालने पाहून एक अडकित्ता लक्षात राहिला असेल, तर तुमची भेट बऱ्यापैकी सफल झाली.

हे संग्रहालय म्हणजे एका माणसाचा छंद आहे. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करत. साधारण १९२० पासून ते गावोगाव हिंडून जुन्या वस्तू गोळा करू लागले, पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने खपल्या, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा सगळा संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या आहेत. जागेअभावी हे घडले असले तरी पाहणाऱ्यावर उपकारच झाले, असे मी मनातल्या मनात म्हणते.

राजेरजवाड्यांच्या तलवारी कोणत्याही संग्रहालयात असतात. येथे वज्री आहे, दिवे आहेत, कलमदाने आहेत, गंजिफाचे पत्ते आहेत, दाराच्या चौकटी आहेत. म्हणजे माणसाने आंघोळ करताना, पान खाताना, पत्र लिहिताना हातात घेतलेल्या वस्तू. पाय घासण्याची वज्री कोणाला दाखवायची नसते, तरी तिच्या माथ्यावर कोणा कारागिराने मोर बसवावा, हे मला अजूनही नवलाचे वाटते. एकदा माझ्या सासूबाई एका दिव्यासमोर वीस मिनिटे उभ्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, तसा दिवा त्यांच्या माहेरी होता आणि दुसऱ्या वाटणीत तो कोणाकडे गेला हे आजवर कळले नाही. त्या दिवशी आम्ही दुसरे काही पाहिले नाही, आणि पाहिलेल्या दिवसांपैकी तोच मला सर्वांत स्पष्ट आठवतो.

मी आता पाहुण्यांना एकच दालन दाखवते आणि उरलेला वेळ मंडईत घालवते. काही जण नाराज होतात. कोथरूडहून हलवून येथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल पाहायचाच, असा आग्रह असतो, आणि तो मोडवत नाही. परंतु तेथे पोचल्यावर बहुतेक जण छायाचित्र काढतात आणि बाहेर येतात.

एकदा आगाखान पॅलेसलाही जाऊन या. तेथे पाहण्यासारख्या वस्तू त्या मानाने फार थोड्या आहेत. १९४२ च्या १५ ऑगस्टला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा यांचे तेथे स्थानबद्धतेत असतानाच निधन झाले. दोघांच्या समाधी मागच्या बाजूला शेजारी शेजारी आहेत. तेथे वाचण्याची पाटी शेवटी ठेवा, आधी नुसते बसा.

---

गोदाकाठची यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. मी डबीतली तिकिटे पुन्हा काढून पाहिली. ज्या थोड्या तिकिटांवरून काही आठवले, त्यांत एकही ‘गाजलेले’ नाटक नव्हते. एक होते भरत नाट्य मंदिरातल्या एकांकिकांचे, जेथे मध्येच दिवे गेले आणि एका मुलीने अंधारातच आपले स्वगत पूर्ण केले. नाव, विषय, महाविद्यालय काहीच आठवत नाही, पण तिचा आवाज अजून कानात आहे. ‘विंगेतला’ यांना विचारायचे होते, अशा वेळी विंगेत काय चालू असते?

---

विंगेतला यांचे उत्तर:

प्रचंड धावपळ, आणि एक शब्दही मोठ्याने न उच्चारता. कोणीतरी विजेरी शोधत असतो, कोणीतरी फ्यूज तपासत असतो, आणि ज्याला काहीच करता येत नाही तो पडद्याची दोरी धरून दिग्दर्शकाकडे पाहत उभा असतो की ओढायची की नाही. त्या मुलीने बोलणे थांबवले नाही म्हणूनच कोणी दोरी ओढली नसणार.