मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्डाचा एक फॅन गेलाय, साधे १२० एमएमचे फॅन बांधून चालेल का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय, सुदामा नगर. घरूनच इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करून देते, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे, आणि सगळा भार एका जीटीएक्स १०६० (६ जीबी) वर आहे. कार्ड सेकंड हँड आहे, दोन फॅनवालं. त्यातला पॉवरच्या कनेक्टरकडचा फॅन आता जवळजवळ गेलाय. बोटाने फिरवला तर खरखरत अर्धा फेरा जातो आणि अडकतो. मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, थोडे दिवस बरा चालला, मग परत तेच, आतलं बुशच (ज्यात फॅनची दांडी फिरते ते) झिजलंय म्हटल्यावर तेल किती निभावणार. दुसरा फॅन ठीक आहे पण तो एकटा पुरत नाही.

माझी खोली वरच्या मजल्यावर, गच्ची तापते, दुपारी आत ३८ सहज असतं. रेंडर (व्ह्यूचं अंतिम चित्र काढणं) लावला की पाचेक मिनिटांत कार्ड ८३ डिग्रीवर जाऊन तिथेच बसतं आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १८५० मेगाहर्ट्झवरून १५०० च्या आसपास घसरतो. म्हणजे कार्ड स्वतःला वाचवतंय, १०६० चं ठरलेलं टार्गेट ८३ आहे आणि कमाल मर्यादा ९४, त्यामुळे आकडा ८३ च्या पुढे जात नाही आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण वेग जातो. हिवाळ्यात जो व्ह्यू अकरा मिनिटांत निघायचा त्याला आता तेरा-चौदा लागतात. सकाळी क्लायंटला द्यायचं असेल तर रात्रभर मशीन चालू, आणि आजकाल रात्रीही खोली थंड होत नाही.

महाराणी रोड आणि सिल्व्हर मॉल दोन्हीकडे विचारलं, या मॉडेलचा फॅन कुणाकडेच नाही, सगळे एकच सांगतात, "मॅडम नया ले लो." नवीन कार्ड आत्ता जमणार नाही, आणि हे कार्ड काम चोख करतं, फक्त एका फॅनपायी टाकून द्यायचं हे मला पटत नाही.

तर विचार असा आहे की वरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि दोन्ही फॅन काढायचे, आणि उघड्या हीटसिंकवर (चिपची गर्मी ओढणाऱ्या धातूच्या पात्यांवर) कॅबिनेटचे साधे १२० एमएमचे दोन फॅन झिप टायने बांधायचे. बजेट हजार-बाराशे.

आता अडतंय कुठे ते सांगते. पहिलं म्हणजे वायर. कार्डावरचं फॅनचं सॉकेट बारीक चार पिनी आहे आणि कॅबिनेट फॅनचं मोठं, मग कन्व्हर्टर केबल घ्यायची की सरळ मदरबोर्डला जोडायचं? मदरबोर्डला जोडलं तर फॅन सीपीयूच्या गर्मीवर चालणार, कार्डाच्या नाही, आणि रेंडरला तर सीपीयू निवांत असतो. दुसरं, फॅन चौकोनी आणि हीटसिंकची वरची बाजू उंचसखल, मधे फट राहणार, तिथून हवा बाजूलाच निघून जाईल ना? तिसरं माझ्या दिराचं म्हणणं, कूलरचा अठरा वॅटचा पंप आणि तांब्याची नळी घेऊन घरीच वॉटर कूलिंग करू. त्याला फार उत्साह आहे पण मला पाण्याची भीती वाटते. आणि शेवटचं, खोलीत कूलर आहेच, त्याची हवा कॅबिनेटवर सोडली तर चालेल का? की दमट हवेने बोर्ड खराब होईल? यावर घरात दोन मतं आहेत.

कुणी केलं असेल तर कृपया नीट सांगा, हे कार्ड बंद पडलं तर काम थांबतं.

प्रतिसाद:

ताई, बडोद्याहून लिहितोय, मी आरएक्स ५८० या ग्राफिक्स कार्डावर हेच केलंय, ते तर १८५ वॅटचं कार्ड, तुमचं १२० चं, त्यामुळे आरामात होईल.

वायरचं सोपं आहे. फॅन मदरबोर्डलाच जोडा, तिथल्या एका हेडरवर (फॅनच्या सॉकेटवर) साधारण एक अँपिअर चालतं आणि १२० चा फॅन बहुतेक ०.२ ते ०.३ घेतो, म्हणजे एकाची दोन टोकं करणाऱ्या वाय केबलने दोन फॅन एका हेडरवर बसतात, तरी फॅनच्या स्टिकरवरचा अँपिअर वाचून घ्या. मग विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कुठला फॅन कुठल्या सेन्सरवर चालवायचा ते ठरवता येतं, तिथे कार्डाचं टेम्परेचर निवडा. कार्डाचं सॉकेट रिकामं राहिलं तरी माझं कार्ड तक्रार करत नाही, फक्त आरपीएम शून्य दिसतो.

फट हाच खरा मुद्दा. फॅन नुसता ठेवला तर निम्मी हवा कडेने जाते, हीटसिंकच्या पात्यांमधून जायला जोर लागतो आणि हवा सोपी वाट धरते. जाड पुठ्ठा किंवा खिडकीला लावतात ती फोमची पट्टी चारी बाजूंनी लावा. नंतर अगरबत्ती पेटवून कडेकडेने फिरवा, धूर जिथे बाहेर ढकलला जाईल तिथे फट आहे. राख मात्र कार्डावर पडू देऊ नका. हवा हीटसिंककडे गेली पाहिजे, फॅनच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतं तिकडून हवा बाहेर पडते, ती बाजू कार्डाकडे. आधी हीटसिंकची लांबी मोजा, आखूड असेल तर ९२ एमएमचे दोन घ्या.

आणि हे सगळं करायच्या आधी आजच एक करा, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधे पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट खायचे ती मर्यादा) ७५ टक्के करा. खोलीपेक्षा कार्ड किती वर जातं हे साधारण वॅटच्या प्रमाणात असतं. खोली ३८, कार्ड ८३, म्हणजे ४५ ने वर. आत्ता जेवढे वॅट खातंय त्याच्या पाऊण झाले तर ३४ च्या आसपास, म्हणजे ७२-७३. वेग त्या मानाने थोडाच घटतो, आणि तुमचा वेग तर आत्ताही जातोच आहे. फॅन येईपर्यंत एवढ्यावर काम निघेल.

प्रतिसाद:

पाण्याबद्दल दिरांना नाही म्हणा. कूलरचा पंप २२० व्होल्टचा, तो पाण्यात बुडवून त्याची नळी चालू कॉम्प्युटरमधे फिरवायची, एक जॉइंट सुटला की कार्ड, मदरबोर्ड सगळं गेलं. शिवाय चिपवर सपाट बसणारा ब्लॉक घरी बनत नाही, नुसती नळी टेकवून गर्मी उचलली जात नाही.

कूलरच्या हवेबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. कूलरची हवा वेट बल्बच्या (पाणी उडून हवा जितकी थंड होऊ शकते त्या तापमानाच्या) खाली जाऊ शकत नाही आणि कार्ड तर खोलीपेक्षा गरम, मग त्यावर दव जमणार कसं? मे महिन्यात इंदूरची हवा कोरडी असते, कूलर खोली आठ-दहा डिग्री सहज उतरवतो आणि कार्ड तेवढंच उतरतं. त्रास थेंबांचा आणि क्षाराचा आहे. बोअरिंगचं पाणी असेल तर कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो तसाच बारीक थर कार्डावर बसेल. म्हणून झोत सरळ कॅबिनेटवर नको, कूलर समोरच्या भिंतीकडे तोंड करून, खिडकी थोडी उघडी. पावसाळा लागला की त्याचा उपयोग संपतो.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. पॉवर लिमिट लगेच ७५ केलं, आत्ता रेंडर चालू आहे, खोली ३७ आणि कार्ड ७४, आणि क्लॉक थोडाच उतरलाय! म्हणजे वेग फारसा न जाता कार्ड थंड चालतंय, हे कुणी आधी सांगायला हवं होतं. कूलरला आमच्याकडे बोअरिंगचंच पाणी भरतात, त्याचं तोंड फिरवून ठेवलं.

हीटसिंक २३ सेंटीमीटर भरलं, १२० चे दोन लावले तर एक सेंटीमीटर बाहेर येईल. ते मी पॉवर कनेक्टरच्या टोकाला काढणार आहे, कारण चिपला वीज पुरवणारे गरम होणारे भाग, कॉइल आणि मॉस्फेट, माझ्या कार्डावर तिकडेच आहेत, त्या भागाचं टेम्परेचर कुठल्याच सॉफ्टवेअरमधे दिसत नाही आणि बंद पडलेला फॅन नेमका त्याच्यावरच होता. २५ एमएम जाडीने खालचा स्लॉट जाईल, तिथलं वायफाय कार्ड काढून यूएसबीचं लावेन.

आता एकच अडचण. कव्हरचे दोन स्क्रू बाजूने दिसतात, बाकीचे बहुतेक बॅकप्लेटखाली (कार्डाच्या मागच्या पत्र्याखाली) आहेत. हीटसिंक चिपवरून न उचलता कव्हर निघालं तर बरं, नाहीतर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट नवीन लावावी लागेल आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (गर्मी वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले तर कुठल्या जाडीचे आणायचे ते माहीत नाही. दोन फॅनवालं १०६० कुणी उघडलं असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाकाल का?