मदत हवी आहे : २ जूनला रोमचा क्रूझ थांबा, आणि त्याच दिवशी इटलीची राष्ट्रीय सुट्टी

नमस्कार मंडळी,

येत्या २ जूनला (मंगळवार) आमची क्रूझ रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदराला लागतेय. बोट सकाळी ७ ला धक्क्याला, संध्याकाळी ७ ला निघणार, ६:३० च्या आत सगळे बोटीवर हवेत. मधल्या वेळात रोम. बरोबर बायको, विमानांचा वेडा मुलगा आणि आई. आई सपाटीवर बऱ्यापैकी चालते, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या आणि रांगेत ताटकळणं जमत नाही.

बोटीवरच्या सहलीचे दर बघून डोळे पांढरे झाले, म्हणून तिथल्याच एका टूरवाल्याकडे गाइडसकट दिवसभराची गाडी ठरवली. अर्धे पैसे भरलेत. कार्यक्रम असा: ७:३० ला बंदरातून निघायचं, ९:३० ला कोलोसियम आतून, मग फोरम (प्राचीन रोमचे अवशेष), ट्रेव्हीचं कारंजं, जेवण, दुपारी व्हॅटिकन, ५:३० ला परत बंदरात.

आता घोळ असा की २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन आहे. १९४६ साली याच दिवशी जनमत घेऊन त्यांनी राजेशाही मोडीत काढली. आपल्या २६ जानेवारीसारखं लष्करी संचलन असतं, आणि ते जातं कोलोसियम ते पियाझ्झा व्हेनेझिया चौक या रस्त्यावरून. म्हणजे आम्ही जिथे ९:३० ला उतरणार, तिथेच आणि त्याच सुमारास!

टूरवाल्याला विचारलं तर म्हणे, "काळजी नको, त्या दिवशी थोडं ॲडजस्ट करू." काय ॲडजस्ट करणार ते दोनदा विचारूनही सांगत नाही. एवढ्या मोघम उत्तरावर आईला घेऊन निघायचं का, हाच माझा मुख्य प्रश्न. बुकिंग रद्द करून बोटीची सहल घ्यावी, की याच्याकडूनच कार्यक्रम बदलून घ्यावा? त्या दिवशी तिथे गेलेलं कुणी असेल तर प्लीज लिहा. ट्रेनने स्वतः जाण्याचा पर्यायही चालेल, फक्त परतीचा भरवसा हवा.

---

प्रतिसाद १

९:३० ला कोलोसियम विसरा. २ जूनला ते सकाळी उघडतच नाही, संचलनामुळे दुपारी दीडच्या सुमारास उघडतं. कोलोसियमचं मेट्रो स्टेशनही सकाळी बंद ठेवतात, आजूबाजूला बॅरिकेड्स असतात आणि गाडी जवळपास फिरकूही देत नाहीत. टूरवाल्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. नेहमीचाच छापील कार्यक्रम पाठवून दिलाय.

आणखी एक. गेली काही वर्षं २ जूनला इटलीतल्या सरकारी संग्रहालयांना आणि पुरातत्त्व स्थळांना प्रवेश मोफत असतो. त्यात कोलोसियम आलं, पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिरही आलं. तुमच्या बिलात 'कोलोसियम तिकीट' म्हणून रक्कम लावलीय का ते बघा, आणि लावली असेल तर कशाची ते विचारा. मोफत म्हटल्यावर दुपारी किती झुंबड उडते ते सांगायला नकोच. आईंना घेऊन त्या रांगेत मी तरी उभी राहणार नाही.

---

प्रतिसाद २

रद्द करू नका, कार्यक्रम उलटा करून घ्या. व्हॅटिकन हे वेगळं राष्ट्र आहे, त्यामुळे इटलीच्या प्रजासत्ताक दिनाची सुट्टी त्यांना लागू नाही. व्हॅटिकनची संग्रहालयं एरवी रविवारी (महिन्यातला शेवटचा सोडून) आणि कॅथलिक सणांना बंद असतात, मंगळवारी उघडी. तेव्हा सकाळी थेट व्हॅटिकन, वेळ ठरवून काढलेल्या तिकिटावर. चाकाची खुर्ची संग्रहालयात मिळते, आधी कळवून ठेवा. आत अंतर भरपूर आहे, आई चालत्या असल्या तरी खुर्ची घ्याच. तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, मुलाची हाफ पँट त्या दिवशी बोटीवर राहू दे.

जेवायला नदीच्या त्याच बाजूला त्रास्तेव्हेरे भागात जा, शहराच्या मध्यात शिरायची गरजच नाही. संचलन १० च्या सुमाराला सुरू होऊन दुपारच्या आत आटपतं, पण रस्ते मोकळे व्हायला वेळ लागतो. नंतर गाडी जाईल तिथवर जाऊन कोलोसियम बाहेरून बघायचं, फोटो काढायचे, बास. आत न गेल्याची हळहळ वाटेल, पण आहे हे असं आहे.

मुलासाठी एक गंमत: हवाई दलाची फ्रेच्चे त्रिकोलोरी ही तुकडी सकाळी पियाझ्झा व्हेनेझियावरून हिरवा-पांढरा-लाल धूर सोडत जाते. व्हॅटिकनच्या रांगेत असलात तरी त्याला आकाशाकडे लक्ष ठेवायला सांगा. दिसेलच अशी हमी नाही.

---

प्रतिसाद ३

परतीबद्दल, कारण मूळ मुद्दा तोच आहे. बोटीची स्वतःची सहल अडकली तर बोट थांबते किंवा पुढची सोय करते. बाहेरच्या टूरवर गेलात तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. चिविताव्हेक्किया रोमपासून साधारण ७०-८० किमी आहे, एरवी गाडीला सव्वा-दीड तास. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरची गर्दी धरली तर ५:३० ला पोचण्याचा हिशेब मला अगदीच काठावरचा वाटतो. ३:३० ला रोम सोडायचं असं टूरवाल्याकडून लेखी घ्या.

ट्रेन हा चांगला राखीव पर्याय आहे. चिविताव्हेक्कियाच्या लोकल गाड्या सान पिएत्रो स्टेशनला थांबतात, तिथून व्हॅटिकन चालत गाठता येतं. तासाभराच्या आतबाहेर प्रवास. फक्त वेळापत्रक सुट्टीच्या दिवसाचं बघा, कामाच्या दिवशीच्या काही गाड्या तेव्हा नसतात. आणि बंदर ते स्टेशन हे अंतर आईंना चालवू नका. धक्क्यावरून शटल बस बंदराच्या दाराशी लार्गो देल्ला पाचेला सोडते, पुढे टॅक्सी किंवा बस.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बिल काढून बघितलं, चौघांच्या नावे कोलोसियमचं तिकीट लावलेलं आहे. तेवढं दाखवून रात्री मेल टाकला आणि सकाळी व्हॅटिकन, ३:३० ला परतीला निघायचं, हे दोन्ही लेखी मागितलं. सकाळी उत्तर हजर: कार्यक्रम बदलतो, तिकिटाचे पैसे उरलेल्या रकमेतून वजा करतो. इतक्या दिवसांत मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर.

आता एकच अडलंय. बायकोला पँथिऑन बघायचंच आहे, आणि तेही त्या दिवशी मोफत, म्हणजे रांग आलीच. जेवणानंतर आई आणि मुलगा त्रास्तेव्हेरेतच बसून राहिले आणि आम्ही दोघं टॅक्सीने जाऊन आलो, तर ३:३० ला निघण्याच्या आत जमेल का? दुपारी रांग साधारण किती असते, कुणाला कल्पना?