फोनवरही फ्रीजसारखं लेबल हवं का?

धागाकर्ती (म्युनिक): आईसाठी फोन घ्यायला गेले होते. २० जून २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये नव्या फोन-टॅबलेटवर रंगीत लेबल सक्तीचं झालंय. ए ते जी ऊर्जाश्रेणी, एका चार्जवर किती तास, पडल्यावर फोन कितपत टिकतो आणि दुरुस्ती किती सोपी, यांच्या वेगळ्या श्रेणी. मी पाहिला तो सायकलींचा आकडा, म्हणजे बॅटरी ८०% क्षमतेवर यायला किती वेळा पूर्ण चार्ज व्हावी लागते. एकावर ८००, तो तर कायद्याने किमान. शेजारच्यावर १४००, किंमत जवळपास तीच. हा आकडा भारतातही छापायलाच हवा.

पुणे: मला पटत नाही. फोन वीज खातो तरी किती? ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. रोज चार्ज करा, वर्षाला सात-आठ युनिट. दीड टनाचा एसी एका रात्रीत तेवढी खातो! शिवाय आकडे कंपनीच जाहीर करते. चाचणीचे नियम संदिग्ध आहेत असं सांगून ॲपलने ए मिळत असताना आपणहून बी लावलं. अशा अक्षरावर गिऱ्हाइकाने काय ठरवायचं?

नागपूर (मोबाईल दुरुस्ती): अक्षराचं पुण्याचे दादा म्हणतात ते खरं. सायकलींचं नाही. परवा डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन दुरुस्तीला आला. मे महिन्यात दिवसभर गाडीच्या हँडलवर, उन्हात, वर चार्जिंग चालू. बॅटरी फुगून मागचं पॅनल एका बाजूने उचललेलं. हीट गन (गरम हवेने गोंद सैल करायचं यंत्र) न लावताच नख घालून निघालं. फोन जेमतेम दीड वर्षाचा, आणि ओरिजिनल बॅटरी कुठेच मिळेना. ताई, तुमचे १४०० आमच्या ४५ अंशांत टिकणार नाहीत. आकडा छापा, पण किती तापमानाला मोजला तेही छापा.

धागाकर्ती: तापमानाचं मान्य, दादा. पण तुमची खरी अडचण सुट्या भागांची ना? त्याच दिवशी लागू झालेला इथला दुसरा नियम सांगतो, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे.

पुणे: हे मात्र हवंच. केंद्राने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्त करणं किती सोपं याच्या गुणांकनाचा, अहवाल दिलाय, तो आधी लागू करा. ऊर्जेच्या अक्षराला माझा विरोध कायम.

नागपूर: निर्देशांकात बॅटरीची किंमतही धरा. त्या पोराला शेवटी डुप्लिकेट बसवून दिली. दुसरं काही हातातच नव्हतं. सहा महिन्यांत परत येईल, हे त्यालाही सांगून ठेवलंय.