भेटायच्या आधी सांगायचं की भेटल्यावर? (ट्रान्स आहे, ॲपवर आहे, डोकं चालत नाहीये)

पावसाळी_ढग:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितीये इथे, इतके दिवस नुसती वाचत होते. मी ट्रान्स वुमन (जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंद झालेली बाई), वय २९. डेटिंग ॲपवर आठ महिने झाले. सुरुवातीला बायोच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की ट्रान्स आहे, म्हटलं उगाच कोणाचा वेळ नको जायला. तर इनबॉक्स भरून वाहायला लागला, पण "हाय" नंतरचा दुसरा मेसेज काय तर "ऑपरेशन झालंय का". दहातले आठ हेच. उरलेले दोघं रात्री साडेबाराला "जागी आहेस का" वाले, जे दिवसा ओळखसुद्धा दाखवत नाहीत. वैतागून ती ओळ काढून टाकली.

आणि मग नेमका एक बरा माणूस भेटला. तीन आठवडे रोज बोलतोय, मी कामाचं रडगाणं गायला लागले की सल्ले देत बसत नाही, ऐकून घेतो. आता म्हणतो शनिवारी भेटूया. त्याला माहीत नाहीये. एक मैत्रीण म्हणते समोरासमोर सांग, एवढा तर त्याचा हक्क आहे. दुसरी म्हणते चॅटवर टाक आणि फोन बंद करून झोप. मला दोन्हीची भीती वाटतेय. आणि खरं सांगू का, मधेच असंही वाटतं की सांगूच नये, एक संध्याकाळ नुसती साधी, बिनघोर जाऊ दे. तुम्ही लोक काय करता?

जुनी_खेळाडू:
तो शेवटचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो गं, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नको. पण चॅटवर सांग, आणि भेटायच्या आधी सांग. मैत्रीण हक्काचं जे म्हणतेय ते मला नाही पटत, पहिल्या भेटीत कोणी कोणाला मेडिकल फाईल दाखवत नाही. मी सांग म्हणते ते त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी. हे ऐकून आपण कसे वागू हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. चांगला माणूसही दोन मिनिटं बावचळतो, आणि त्या दोन मिनिटांत तू त्याच्या गाडीत बसलेली नसावीस, एवढंच.

मात्र सांगायच्या आधी एक काम कर. शांत बसून बघ की त्याच्याकडे तुझं काय काय आहे. आडनाव? ऑफिस? इन्स्टा? "नाही" म्हणणाऱ्याची भीती नसते, स्क्रीनशॉट काढून तुझ्या ऑफिसात पाठवणाऱ्याची असते. घरीदारी सगळ्यांना माहीत असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर आधी ती दारं लावून घे आणि मग बोल.

आणि "सॉरी, पण एक सांगायचंय" अशी सुरुवात नको, तू गुन्हा कबूल करत नाहीयेस. मी पूर्वी दोन स्क्रीन भरून निबंध लिहायचे, लहानपणापासून सगळं. नंतर एवढंच पाठवायला लागले: "भेटायच्या आधी एक गोष्ट सांगते. मी ट्रान्स आहे. विचार करायला वेळ हवा असेल तर घे, जमणार नसेल तर तसं सांग." पुढे एक अक्षर नाही. बाकी जागा गर्दीची, जायची यायची सोय आपली आपण, मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन, हे तुला माहीतच असेल.

नेटवर्कवाला:
ताई, वरच्या "दारं लावून घे" ला माझी पुरवणी, कारण माझं कामच हे आहे. ॲपवर जे फोटो टाकाल ते दुसरीकडे कुठेच नकोत. तोच फोटो इन्स्टावर असेल तर इमेज सर्चमध्ये टाकला की मिनिटात खरं नाव निघू शकतं. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्यातली लोकेशनची माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून ओरिजिनल फाईल पाठवली तर ती आत राहू शकते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दुसरं ते "३ किमी दूर" प्रकरण. निरुपद्रवी वाटतं, पण कोणी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तुमचं अंतर बघितलं आणि नकाशावर तीन वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तिथे तुम्ही. २०१४ मध्ये सायबर सिक्युरिटीवाल्या लोकांनी टिंडरवर हे करून दाखवलं होतं, सर्व्हर अंतराचे आकडे इतक्या दशांशांपर्यंत पाठवत होता की माणूस जवळजवळ इमारतीपर्यंत सापडायचा. ती चूक नंतर दुरुस्त झाली, तरी ॲपमध्ये अंतर लपवायची सोय असेल तर लपवाच.

अजून एक, नाराज झालेली मंडळी "फेक प्रोफाईल" म्हणून रिपोर्ट ठोकतात आणि अकाउंट उडतं. हे इतकं व्हायचं की टिंडरने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपलं जेंडर आपल्या शब्दांत लिहायची सोय आणली तेव्हा ट्रान्स लोकांची अकाउंट अशी नाहक उडाल्याचं कंपनीने स्वतः मान्य केलं होतं. त्यामुळे असं झालं तर गप्प बसू नका, अपील करा. आणि कोणी खाजगी फोटोंवरून धमकावलं तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका. २०२१ पासून स्टॉपएनसीआयआय नावाची फुकट सोय आहे, ती तुमच्याच फोनवर फोटोचा एक कोड बनवते, फोटो कुठेही जात नाही, नुसता कोड त्यात सामील असलेल्या कंपन्यांना जातो आणि तो फोटो कोणी टाकला तर त्यांना पकडता येतो.

चष्मेवाला_गडी:
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे ज्याला सांगितलं गेलं तो. आमच्या हिने चार वर्षांपूर्वी असाच मेसेज केला होता आणि मी काय उत्तर दिलं असेल? "आधीचं नाव काय होतं?" म्हणजे मी आपला समजत होतो की मी इंटरेस्ट दाखवतोय, मोकळ्या मनाचा वगैरे. दोन दिवस रिप्लाय नाही. मग तिनेच समजावलं की बाबा रे, मी तुला आत्ताची मी सांगितली आणि तू लगेच मागे जाऊन जी नव्हतेच कधी तिची चौकशी करायला लागलास. जे सगळ्याच ट्रान्स लोकांबद्दल आहे ते गूगलला विचारायचं आणि जे फक्त तिच्याबद्दल आहे ते तिला, हे तेव्हा कळलं. शरीराचं तर ती विषय काढेपर्यंत विचारायचंच नाही.

पण माझी मोठी चूक पुढेच आहे. पहिले सहा महिने मी तिला कोणाला भेटवलंच नाही, भेटायचं ते अंधार पडल्यावर, तेही तिच्या घरी. मी म्हणायचो प्रायव्हसी. तिला बरोबर कळत होतं की ही लाज आहे. मग मला एकदाची अक्कल आली, आणि मी एवढा शूरवीर झालो की मित्रांच्या ग्रुपवर जाहीरच केलं, माझी गर्लफ्रेंड ट्रान्स आहे, ज्याला प्रॉब्लेम असेल त्याने बोलू नका. तिला न विचारता! त्यातला एक जण तिच्या ऑफिसातल्या कोणाच्यातरी ओळखीचा निघाला. त्यानंतर काय झालं ते इथे लिहीत नाही. आमचं नातं लोकांसमोर आणायला मी मोकळा होतो, तिची गोष्ट मात्र माझी नव्हती सांगायला. हा फरक कळायला मला वर्ष लागलं, आणि किंमत मोजली तिने.

न्यूट्रल_गिअर:
प्रामाणिक प्रश्न आहे, ट्रोल नाही. मला कोणी असं सांगितलं आणि मला नाही जमणार असं वाटलं तर मी वाईट माणूस का?

जुनी_खेळाडू:
नाही. नाही म्हणायला कोणालाही मुभा आहे. "सांगितलंस ते बरं केलंस, मला पुढे जायला जमणार नाही" एवढं लिही आणि स्क्रीनशॉट न काढता, मित्रांत चघळायला न घेता विषय संपव. "फसवलंस" हा शब्द तेवढा नको. आणि आधी तीन आठवडे छान बोलत होतास, तर एका शब्दाने नेमकं काय बदललं हे मनाशी तपासून बघ, मला सांगायची गरज नाही.

दाढी_येतेय:
ट्रान्स मॅन इथे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. आमची रड वेगळी आहे, आम्हाला घाण मेसेज कमी येतात कारण आम्ही असतो हेच लोकांना माहीत नसतं, आणि कळलं की "म्हणजे मुलगीच ना" म्हणून मोकळे. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, ९५८ लोकांना विचारलं ट्रान्स व्यक्तीला डेट कराल का, ८७.५ टक्के नाही म्हणाले. वाचून आठवडाभर डिप्रेस होतो. मग हिशोब केला की मला उरलेले साडेबारा टक्के पण नकोयत, एकच पाहिजे.

आणि एक कामाची गोष्ट जी कोणी सांगत नाही. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू आहे, पाळी बंद झालीये म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नसतं. ते गर्भनिरोधक नाहीये. गर्भाशय असेल आणि पार्टनरकडून तशी शक्यता असेल तर वेगळी काळजी घ्यायचीच. माझ्या आधीच्या बॉयफ्रेंडला हे पटवायला अर्धा तास भांडलो होतो.

पावसाळी_ढग:
अपडेट. बुधवारी रात्री पाठवला मेसेज, जुनी_खेळाडूचीच वाक्यं उचलली, त्याआधी इन्स्टा प्रायव्हेट केलं आणि त्याला काय काय माहीत आहे त्याची यादी काढली (आडनाव माहीत होतं, कधी बोलून गेले आठवत पण नाही). वीस मिनिटं टायपिंग, बंद, टायपिंग, बंद. मग सकाळी आला रिप्लाय. नाही म्हणाला. पण नीट म्हणाला, म्हणाला की तीन आठवडे छान गेले ते खोटं नव्हतं. रडले भरपूर, पण ब्लॉक करावं लागलं नाही असा हा माझ्यासाठी पहिलाच.

ट्रान्सची ओळ परत बायोमध्ये टाकलीये. आता असं झालंय: "ट्रान्स वुमन. रात्री साडेबारानंतर मी झोपलेली असते. ऑपरेशन सोडून कशाबद्दलही बोलू शकतोस. प्लीज चांगले लोकच या." कसं वाटतंय?

दाढी_येतेय:
साडेबारावालं कडक! ते शेवटचं "प्लीज" काढ फक्त.