सजवलेली वाक्यं सोसत नाहीत, आता काय वाचू?

चौथी_सीट

बदलापूर ते सीएसटी, लेडीज डबा. फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. शाळा सुटल्यावर पुस्तकं सुटली होती, ती आता गाडीत परत सुरू झालीत. वाचनालयात काउंटरवरच्या बाई जे नुकतं परत आलेलं असेल ते हातात ठेवतात, त्यामुळे माझ्या वाचनाला शेंडा ना बुडखा. भुतं झाली की पुराण, पुराण झालं की विज्ञानकथा. घरी मत विचारायला कोणी नाही (नवरा पेपर मागून उघडतो आणि क्रिकेट संपलं की मिटतो), म्हणून इथे लिहितेय.

नारायण धारप: सकाळच्या गर्दीत घाबरायला होत नाही. भूत आलंच तरी त्याला दारात लटकावं लागेल. पण एका पावसाळी रात्री उल्हासनगरच्या अलीकडे गाडी थांबली आणि डब्यातले दिवे गेले, तेव्हा पुस्तक मुकाट पर्समध्ये गेलं.

नारळीकरांचं 'यक्षांची देणगी': मास्तर फळ्यावर गणित सोडवून दाखवतात तशा गोष्टी. माणसांना चेहरे नाहीत म्हणा हवं तर, पण पुढे काय होणार हे कळल्याशिवाय ठेववत नाही.

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय': इथे शिव्या खायची तयारी ठेवलीय. कर्णाबद्दल हळहळायला मी तयारच होते. पण तो सूर्याकडे बघायला लागला की पान उलटलं तरी सूर्यच. कुंती त्याच सुरात बोलते, दुर्योधन त्याच सुरात, धाकटा भाऊ शोणही त्याच. निम्म्यावर सोडलं.

नेमाड्यांचं 'कोसला': हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, सगळ्याचा कंटाळा आला. इतकं काय आहे यात, असं म्हणत होते तोवर नायकाची धाकटी बहीण मनी जाते ती पानं आली. देवीचा आजार होतो आणि पोर जाते. कुठे हंबरडा नाही. समोरच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का, पाणी देऊ?

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे': हे मात्र मुदत वाढवून घेऊन परत पहिल्यापासून वाचलं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, कवी नवरा, तो मधेच घर सोडून जातो, पुढे ख्रिस्ती होतो, सगळं शहर बोलतंय. आणि ही बाई आपल्याच फजितीच्या गोष्टी सांगत बसलीय. मला तर ती आमच्या डब्यातलीच वाटली.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास': घरावर कर्ज म्हणून दक्षिणा मिळवायला वरसईहून उत्तरेत निघाले आणि सत्तावनच्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडलाय आणि हे आत. दक्षिणा कुठे काय मिळाली, कोणी लुटलं, जेवायला काय होतं, सगळं लिहिलंय. माझ्यातली अकाउंट्सवाली खूश. शेवटी पैसे राहिले नाहीतच, गंगेची कावड तेवढी घेऊन घरी आले.

तर माझं असं झालंय. ज्यानं जे घडलं ते सांगितलं, ते पुस्तक मला आवडतं. ज्यानं 'आता तुम्हाला असं वाटू द्या' म्हणून वाक्यं सजवली, ते नाही. प्रकार कुठलाही असो. काउंटरवरच्या बाईंना नेमकं काय मागू? जाडजूड नको, उभ्यानं एका हातात धरता आलं पाहिजे.

दादर_टीटी

'रणांगण', विश्राम बेडेकर, 1939. बारीक पुस्तक. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि एक मराठी माणूस. प्रेमकथा आहे म्हणून नाक मुरडू नका, वाक्यं सुरीसारखी आहेत. शेवट मी सांगणार नाही, इथे दुसऱ्या कोणी सांगितला तर भांडण होईल.

दुसरं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. जंगलातली वानरांची टोळी आणि टोळीचा ताबा कोणाकडे जातो, एवढंच. माणूस जवळजवळ नाहीच, त्यामुळे भाषणबाजीला वावही नाही. तुमच्या डब्यात चढताना जे चालतं ते बघता पटकन कळेल.

नारळीकरांबद्दल एक. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलीच (जयंत विष्णू नारळीकर) आद्याक्षरं उलटी केलेली. तेव्हा ते कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत होते, नाव बघून बक्षीस नको होतं. मिळालं. तुम्हाला गोष्ट ठेववली नाही ती उगाच नाही.

पेन्शनर_परळ

ताई, 'मृत्युंजय'वर रागावू नका. आमच्या चाळीत ते वाचलं गेलं ते मोठ्यानं. गिरणीत दुसरी पाळी करणारे एक जण होते, आवाज खणखणीत. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून वाचायचे आणि खालच्या मजल्यावरच्या बायका तांदूळ निवडत ऐकायच्या. सूर्य दोन पानं चालला तरी कोणी उठत नसे, कारण ऐकणाऱ्याला ते कीर्तनासारखं लागतं. तुम्ही ते मनातल्या मनात, धक्के खात वाचलंत. जड जाणारच.

मी स्वतः कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा नेऊन नेऊन वाचायला शिकलो. झुंजार, काळा पहाड. साहित्य म्हणून त्यांना कोणी विचारत नव्हतं, पण पाळी सुटल्यावर डोळे मिटत असताना जागं ठेवायची ताकद त्यांच्यात होती. पुढे नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' हातात आलं. कविता असूनही तुम्हाला हवं तसं आहे, रस्त्यावरचं आणि कामावरचं बोलणं. एका हातात मावतं.

नाईटशिफ्ट_ऐरोली

थोडा विरोध करतो. गोडसे भटजी घरी येऊन हे सगळं लिहायला बसले ते वीस-पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. 1907 ला चिं. वि. वैद्यांनी छापलं तेव्हा त्यावर स्वतःचा हात फिरवला. मूळ पोथीवरून दत्तो वामन पोतदारांनी वेगळी आवृत्ती काढली ती खूप नंतर, 1966 ला. म्हणजे जे तुम्हाला 'घडलं तसं सांगितलं' वाटतंय त्यातही निवड आहे, विसरणं आहे, दुसऱ्याची कात्री आहे. साधं दिसणारं वाक्य आपोआप साधं होत नाही. 'कोसला'तली मनीची पानंच घ्या, नेमाड्यांनी तिथे किती आवरलंय बघा. न रडवणं हीसुद्धा सजावटच की.

बाकी पुस्तक सुचवायचं तर 'बलुतं', 1978. गाव आणि नागपाड्याजवळचा कावाखाना. दया पवार त्यात दगडूला बोलतं करतात, दगडू म्हणजे तेच. सकाळी ऑफिसला जाताना नका वाचू. येताना वाचा.

चौथी_सीट

@नाईटशिफ्ट: कात्रीचं पटलं. पण आमच्याकडेही व्हाउचर कोणीतरी निवडूनच फाइलला लावतो, तरी खोटं व्हाउचर वासावरून कळतं. तेवढ्यावर मी ठाम आहे. मनीबद्दल मात्र तुमचं बरोबर असावं, ती पानं परत बघीन.

'बलुतं' मिळालं. निम्मं झालंय. तुमचं ऐकायला हवं होतं, सकाळी वाचलं आणि दुपारचा डबा तसाच परत आणला. 'रणांगण' बाहेर गेलंय, नाव लावून ठेवलंय. 'सत्तांतर' बाईंनी कपाटावरून शिडी लावून काढलं, कोणी मागत नाही म्हणाल्या.

@पेन्शनर_परळ: काका, कीर्तनाचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रविवारी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवते, त्यांचे डोळे आता बारीक अक्षराला साथ देत नाहीत. पण सगळं पहिल्यापासून नाही हं. कुठून सुरू करू?

पेन्शनर_परळ

शोण बोलतो त्या भागापासून करा. तो धाकटा आहे, भावाच्या मागे मागे फिरतो. सासूबाईंना आवडेल. आणि सूर्य आला की पान गाळू नका, त्या विचारतील मधलं कुठे गेलं.