शब्दचर्चा : चषक, करंडक की लघुप्रतिकृती?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत चांदीचा, दोन कानांचा, जेमतेम अंगठ्याएवढ्या उंचीचा पेला सापडला. त्यावर टेनिसची रॅकेट, एका क्लबची आद्याक्षरे आणि १९२६ हे साल कोरलेले असून बुडाशी चार बारीक छाप आहेत. घरातील जुन्या वस्तूंच्या यादीत मी त्याची नोंद ‘करंडक’ अशी केली, तेव्हा थोरल्या बंधूंनी ‘करंडक हातभर असतो, हे खेळणे आहे’ असे म्हणून ती खोडली. योग्य शब्द कोणता?

उत्तर : आपल्या बंधूंचा आक्षेप आकाराचा आहे, परंतु ‘करंडक’ या शब्दात आकारमान मुळीच नाही. संस्कृतात करंडक म्हणजे झाकणाची पेटी किंवा डबी, आणि कुंकवाचा करंडा याच कुळातला. इंग्रजी अमदानीत गव्हर्नरांना व व्हाइसरॉयांना द्यायची मानपत्रे चांदीच्या नक्षीदार करंडकात घालून देत असत. रणजी करंडकापासून पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकापर्यंत आज हा शब्द स्पर्धेच्या मानचिन्हाला लागतो, मग त्याला झाकण असो वा नसो. ‘चषक’ मात्र अजूनही आकृती सांगतो. आपली वस्तू पेल्याच्या घडणीची आहे, म्हणून नोंदीत ‘चषक’ हवा.

राहिला प्रश्न लहानपणाचा. मोठा चषक फिरता असेल, तर तो क्लबच्या कपाटातच राहतो आणि विजेत्याला घरी न्यायला त्याची छोटी आवृत्ती मिळते. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचा १८८७ सालचा चषक सुमारे १८ इंच उंचीचा आहे; १९४९ पासून विजेत्यांना त्याची साडेआठ इंची प्रतिकृती मिळू लागली आणि २००७ पासून ती साडेतेरा इंचांची झाली. अशा वस्तूला ‘लघुप्रतिकृती’ हा नेमका शब्द आहे. मात्र प्रतिकृती म्हणायचे तर मूळ वस्तू कशी होती हे ठाऊक असले पाहिजे. क्लबचा मोठा चषक किंवा त्याचे छायाचित्र पाहिल्याखेरीज ‘छोटा चषक’ एवढेच लिहावे. ‘लघुचित्र’ हा शब्द चित्रकलेचा असल्याने येथे उपयोगाचा नाही. ‘खेळणे’ म्हणण्यास थोडा आधार आहे, कारण सतराव्या-अठराव्या शतकांत हॉलंडमध्ये बाहुलीघरासाठी चांदीची चिमुकली भांडी खरोखरच घडवली जात. पण भातुकलीच्या भांड्यावर क्लबची आद्याक्षरे कोण कोरणार?

आता बुडाचे छाप पाहा. चालणारा सिंह असेल तर चांदी इंग्रजी प्रमाणाची, म्हणजे हजारी ९२५ भाग शुद्ध. आपले सराफ तिला साडेब्याण्णव टंच म्हणतील. नांगर हे बर्मिंगहॅमचे चिन्ह आणि बिबट्याचे मुख लंडनचे. सुटे अक्षर हे तपासणीच्या वर्षाचे असते, तर आद्याक्षरांची जोडी बहुधा कारागिराची किंवा पेढीची. अक्षरावरून निघणारे वर्ष आणि कोरलेले १९२६ हे जुळलेच पाहिजे असे नाही, कारण पेढीकडे तयार पडून असलेल्या चषकावर देण्याच्या वेळी नाव घालता येत असे. म्हणून नोंदीत घडणीचे वर्ष आणि भेटीचे वर्ष वेगळे ठेवावे. भारतात घडलेल्या चांदीवर तेव्हा सरकारी छापाची सक्ती नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि कंपनीच्या वस्तूंवर हत्तीचा छाप दिसतो, तो पेढीचा स्वतःचा. कृपा करून वस्तू कसोटीवर घासू नका आणि पॉलिशही करू नका. कोरीव अक्षरांच्या कडा त्यानेच जातात.

शंका : चारही छाप भिंगातून पाहिले. ती ई, पी, एन, एस अशी रोमन अक्षरे आहेत. ही पेढी कोणती?

उत्तर : ही पेढी नव्हे. निकेल मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिला आहे, असे ही अक्षरे सांगतात. वेगवेगळ्या चौकटींत ठसवल्यामुळे ती दुरून खऱ्या छापांसारखी भासतात, आणि तसे भासावे हा उत्पादकांचा हेतूही असावा. आतील धातू तांबे, निकेल व जस्त यांचा असून त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, जरी त्यात चांदीचा कणही नसतो. मराठीत येथे आणखी एक गोंधळ होतो, कारण आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी. म्हणून यादीत ‘जर्मन’ हा शब्द एकटा लिहू नये.

‘बक्षीस’ जिंकावे लागते, ‘स्मृतिचिन्ह’ निरोपाच्या वेळीही मिळते आणि ‘स्मरणिका’ तर छापील असते. चषकावर विजेता किंवा उपविजेता असे काही कोरलेले नसेल, तर ‘स्मृतिचिन्ह’ हाच निर्धोक शब्द. नोंद अशी करता येईल : ‘छोटा दोन कानी चषक, चांदीचा मुलामा, टेनिस क्लबचे स्मृतिचिन्ह, कोरीव साल १९२६.’