मदत हवी आहे: स्पॅनिशमधल्या 'पापा'चा नक्की अर्थ काय?

सायली_पुणे: तातडीचं आहे. 'पापा' या स्पॅनिश नामाचा अर्थ काय? शब्दकोशात पोपही दिलाय आणि बटाटाही. अ‍ॅप 'बटाटा' म्हणतंय, पण इथे तो बसतच नाही. संध्याकाळपर्यंत मेलला उत्तर द्यायचंय.

निळूभाऊ: शब्दाच्या आधी 'एल' हे उपपद आहे की 'ला'? 'एल पापा' म्हणजे पोप, 'ला पापा' म्हणजे बटाटा. शेवटच्या अक्षरावर आघातचिन्ह असेल तर बाबा. पूर्ण वाक्य टाका.

माद्रिदकर: आमच्याकडे बटाट्याला 'पाताता'च म्हणतात. 'पापा'च्या नादी लागू नका, 'पाताता' शिका.

ऋजुता: @माद्रिदकर, कॅनरी बेटंही स्पेनमध्येच आहेत ना? तिथे 'पापास आरुगादास', म्हणजे सुरकुतलेले बटाटे, घरोघरी करतात. शिवाय मूळ शब्द 'पापा'च, दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतला. बटाटा तिथल्या अँडीज पर्वतातला, नावही तिथलंच. कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांचा 'बाताता' त्यात मिसळून 'पाताता' झालं, आणि बाताता म्हणजे रताळं!

माद्रिदकर: मूळ काहीही असो, बोलताना वापर बघायचा.

मांडवीतीर: आपला 'बटाटा' पोर्तुगीज 'बाताता'वरूनच आला. म्हणजे रताळ्याचं नाव आपण बटाट्याला दिलंय.

अन्नपूर्णा: रताळ्याचा विषय निघालाय म्हणून सांगते, कीस झाकण ठेवून फार शिजवू नका, लगदा होतो.

सायली_पुणे: कृपया विषयावर या! वाक्य असं आहे: 'त्रांकिला, एस उना पापा.' नव्या रिपोर्टबद्दल क्लायंटने लिहिलंय.

निळूभाऊ: क्लायंट कुठला?

सायली_पुणे: ब्वेनोस आयर्सचा. त्याने काय फरक पडतो?

ऋजुता: सगळा फरक त्यानेच पडतो. अर्जेंटिनात 'एस उना पापा' म्हणजे अगदी सोपं काम, डाव्या हातचा मळ. 'काळजी करू नकोस, सोपं आहे,' असा धीर देताहेत तुम्हाला. पण 'नो एंतिएंदो नि पापा' आलं तर अर्थ उलट: मला ओ की ठो कळत नाही.

अभ्यासू: स्पॅनिश नीट शिकायचं असेल तर देले परीक्षेची पहिली पातळी द्या.

सायली_पुणे: परीक्षेचं विचारलंच नव्हतं. ऋजुता, निळूभाऊ, मनापासून आभार. उत्तर पाठवतेय.

माद्रिदकर: आमच्याकडे याच अर्थाने 'एस पान कोमिदो' म्हणतात, खाऊन झालेला पाव. तेही लिहून ठेवा.